निम्मा उजेड

१

शिट्टी मेला परवा सकाळी, आणि त्याला कोणी मारलं हे काल संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं. सगळ्यांनी मिळून बोट दाखवलं ते धाकटीच्या नवऱ्याकडे.

शहराला पाणी आणणारा एक जुना बोगदा होता. वर्षातून एकदा पाणी अडवून त्यातला गाळ काढत. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. उतरणाऱ्या प्रत्येकाला टॉर्च मिळे, आणि तो पुरेसा उजेड देतो की नाही हे मोजूनच माणसाला आत सोडायचं, हे धाकटीच्या नवऱ्याचं काम. कामावर त्याला 'काटा' म्हणत, कारण तराजूच्या काट्यासारखाच तो कोणाच्या बाजूनं झुकत नसे. तीनशेच्या खाली आकडा आला की टॉर्च बाद, मग मागणारा साहेब असो नाहीतर सख्खा मेव्हणा.

परवा गाळ काढणारा शिट्टी नावाप्रमाणे तोंडानं शिट्टी वाजवत आत गेला आणि गाळाच्या खोल खड्ड्यात पडला. खड्ड्याभोवती लाल दोर बांधलेला होता. तो त्याला दिसला नाही म्हणजे टॉर्चच मंद असणार, असं निघालं. टॉर्च वर आणला, नवे सेल घातले आणि सगळ्यांसमोर काट्याच्याच पाइपात मोजला. सकाळी काट्यानं त्याच टॉर्चचा आकडा तीनशे चाळीस लिहिला होता. आता दीडशे आला. काट्यानं न मोजताच टॉर्च पुढे ढकलला, असं म्हणायला मग कोणाला जड गेलं नाही.

"आज संध्याकाळी जबाबावर सही करायची," गाडी चालवताना दादा म्हणाला. "हलगर्जी झाली, चूक कबूल, एवढंच लिहायचं. मी बोलून ठेवलंय, धाकटे. कबूल केलं तर हलक्यात सुटेल. ताणलं तर वर्षंच्या वर्षं आत जाईल."

दादा बोगद्याचा मुकादम होता. वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. तिचं शिक्षण, लग्न, नवऱ्याची ही नोकरी, सगळं दादानं केलेलं. दोन दिवस तो तिच्यासाठी वणवण करत होता, दाढीसुद्धा केली नव्हती. त्याचं ऐकावं असं तिला वाटत होतं आणि ऐकवत नव्हतं. नवरा न मोजता टॉर्च देईल हे तिच्या गळी उतरत नव्हतं. हा माणूस घरातलं दूध मोजायचा कपसुद्धा डोळ्यांच्या रेषेत धरून बघायचा.

"आत्याकडे थांबव," ती म्हणाली.

"तिला कशाला मध्ये घालतेस? तिची जीभ म्हणजे कातर."

"कातर तर कातर. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

आत्यानं उभा जन्म फोटो स्टुडिओ चालवला होता. उजेड किती आणि कुठून येतो यावर तिनं पोट भरलं होतं. आता स्टुडिओ बंद होता, पण तिची खोली अजून पडद्यांनी आणि दिव्यांनी भरलेली होती. धाकटीनं सगळं रडत रडत सांगितलं. दादानं खिशातून फोन काढून, मोजणीच्या वेळी काढलेला टॉर्चचा फोटो दोघींच्या मध्ये बसूनच पुढे केला.

"काळंकुट्ट दिसतंय," आत्या मान वाकडी करून म्हणाली. "मोतीबिंदू काढला म्हणे डॉक्टरनं. काढला की घातला कोण जाणे."

दादानं फोन तिच्यासमोर सरळ धरला तेव्हा तिला फोटो दिसला. टॉर्चच्या पाठीवर कोरलेला नंबर स्पष्ट होता. टॉर्च तोच होता, यात शंका नव्हती.

"मग बदलला टॉर्च नाही," आत्या चप्पल शोधत उठली. "दुसरंच काहीतरी बदललंय."

२

दादा दोघींना चौकीच्या दारात सोडून गेला. आत काटा बाकावर बसला होता. दोन दिवसांत तो निम्मा झाला होता. धाकटीला बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला, ते तिच्यानं बघवलं नाही.

"माझंच चुकलं असेल गं," तो म्हणाला. "आकडा खोटं बोलत नाही. शिट्टी मला 'काटाभाऊ, आजचा दिवस तुमच्या उजेडात' असं म्हणून गेला. मी काय दिलं त्याला?"

"रडगाणं नंतर," आत्यानं त्याला अडवलं. "मोजतोस कसा ते सांग. सगळं सांग."

मोजण्याबद्दल विचारल्यावर काट्याच्या आवाजात थोडा जीव आला. महागडं यंत्र मागून मागून थकल्यावर त्यानं सांडपाण्याचा जाड पाइप आणला होता. त्याला मध्ये कोपरा जोडला, आतून पांढराशुभ्र रंग दिला. एका तोंडातून टॉर्च आत मारायचा. उजेड पांढऱ्या भिंतींवर आपटत, कोपऱ्यातून वळत, बटरपेपरमधून गाळून दुसऱ्या तोंडाशी येतो. तिथं फोन पालथा ठेवायचा. फोनच्या कपाळावर उजेड ओळखणारा एक बारीक डोळा असतो, एक फुकटचं ॲप त्याचा आकडा दाखवतं, तो बाहेर राहिलेल्या पडद्यावर खालून वाकून वाचायचा.

"टॉर्चचा झोत अणकुचीदार असो की पसरट, पाइपात सगळा मिसळतो. त्यामुळे एकूण उजेड कळतो," काटा म्हणाला. "पण तो आकडा म्हणजे नेमका किती उजेड, हे आधी ठरवायला लागतं. त्यासाठी घरातले बल्ब घेतले. खोक्यावर त्यांचा उजेड छापलेला असतो. एकाच खोक्यावर विश्वास टाकायचा नाही, निरनिराळ्या कंपन्यांचे घ्यायचे आणि सरासरी काढायची."

"आणि टॉर्च लावला की लगेच वाचायचं?"

"छे. लावल्या लावल्या टॉर्च फुशारकी मारतो. तापला की खाली येतो. मी टॉर्च लावतो, कपभर चहा पितो आणि मग वाचतो. सगळे हसतात."

"परवा दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा चहा प्यायलास?"

काट्यानं नाही अशी मान हलवली. "साहेबांनी लगेच वाचलं. पण लगेच वाचलं तर आकडा जास्त यायला हवा, कमी नाही. तोच तर घोळ आहे. मी तर बघतही नव्हतो. डोकं धरून बसलो होतो, आकडा कानांनी ऐकला."

"ॲप कोणत्याही फोनात चालतं?"

"चालतं, पण प्रत्येक फोन आपलं वेगळंच सांगतो. सगळ्यांचे फोन लावून बघितले होते मी, दादा पण होता. म्हणून एकच फोन ठरवला आणि तो पाइपाजवळच ठेवला."

इन्स्पेक्टरनं डोकं आत घालून वेळ संपल्याचं सांगितलं. काटा उठला आणि धाकटीकडे न बघता म्हणाला, "मी सही करतो. शिट्टीच्या आईसमोर उभं राहायचं तर काहीतरी कबूल केलेलं असावं."

३

स्टोअरवाला गोदामात दाराकडे पाठ करून बसला होता. काट्याचं नाव काढताच तो तडकला. "माझ्यावर घसरू नका. टॉर्च स्वस्तातले आणले अशी बोंब आता होईलच. काट्यानं स्वतः पसंत केलेत ते."

"मग त्याच लॉटमधला एक द्या," आत्या म्हणाली. "चांगले असतील तर तुमचंच नाव धुऊन निघेल."

त्यानं कुरकुरत एक टॉर्च काढून दिला. धाकटीला तो माणूस पहिल्यापासून आवडत नव्हता. खालच्या मानेनं बोलायचा, नजर चुकवायचा. हाच असावा असं तिला वाटलं, आणि तसं वाटून बरंही वाटलं.

"खड्ड्याजवळ गेला होतात तुम्ही?" तिनं विचारलं.

"दोरखंड घेऊन मीच गेलो, त्याला वर काढायला. मुकादम आधीच तिथं होते, त्यांनाच तो पहिल्यांदा दिसला." नजर का चुकवत होता ते तेव्हा कळलं, त्याचे डोळे भरले होते. "लाल दोर जिथल्या तिथं होता हो. कमरेइतका उंच, ताठ, एक गाठ ढिली नव्हती. मुकादमांचं काम चोख. तरी मेला बिचारा."

आत्या काहीतरी विचारणार होती, पण तिनं तोंड मिटलं आणि धाकटीचा दंड धरून तिला बाहेर आणलं.

"काय झालं?"

"काही नाही. आधी उजेड मोजू. मग बाकीचं."

४

हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणि कोपरा आला, कोपऱ्यावरच्या दुकानातून चार कंपन्यांचे बल्ब आले. पांढरा रंग वाळायला वेळ नव्हता, म्हणून आत्यानं आतून कोरा कागद चिकटवला. घाईत धाकटीच्या हातून बटरपेपर दोनदा फाटला. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिची मान तिकडेच वळत होती.

आत्यानं पडदे ओढले. आधी बल्ब लावून तिनं स्वतःच्या फोनचा हिशेब बसवला, मग स्टोअरचा टॉर्च लावला. चहा करायला फुरसत नव्हती, तरी टॉर्च तापेपर्यंत दोघी थांबल्या.

तीनशे पस्तीस.

"लॉट चांगला आहे," धाकटी म्हणाली. "पण शिट्टीचा एकच वाईट निघाला असं म्हणतील."

"म्हणू देत. आता याच टॉर्चचा आकडा मला दीडशेवर आणून दाखव."

धाकटी मागे लागली. उतरलेले सेल घातले तर टॉर्च लुकलुकायला लागला, आणि परवा तर सेल नवे होते. बारीक उजेडाचं बटण दाबलं तर आकडा पन्नासच्याही खाली गेला. बटरपेपर एकाचे दोन केले, थोडाच उतरला. टॉर्च तोंडाशी तिरका धरला, तरी फारसा फरक पडला नाही, कारण पाइपात सगळा उजेड मिसळतच होता. दीडशे काही केल्या येईना. शेवटी ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन हुंदके देऊ लागली. आत्यानं तिला रडू दिलं, समजूत घातली नाही.

"टॉर्च तोच," आत्या स्वतःशीच बोलत होती. "पाइप तोच, पेपर तोच. मग राहिलं काय?" तिनं बोगद्याच्या साहेबांना फोन लावला.

साहेब घाईत होते. "फोन? हो, पाइपाजवळचा फोन चार्जिंग उतरून बंद पडला होता म्हणे. त्यानं काय बिघडतं? आम्ही सगळ्यांना एकाच मॉडेलचे फोन दिलेत. एकसारखे. दुसरा लावला."

"दुसरा कोणाचा?"

"मुकादमांनी स्वतःचा दिला. परत मोजून बघू असं त्यांनीच तर सुचवलं. मेव्हण्यासाठी धडपडत होते बिचारे."

५

धाकटीनं ते ऐकलं होतं. स्पीकर चालू होता.

"मॉडेल एकच असेल तर आकडा एवढा कसा बदलेल?" ती पटकन म्हणाली. "दादानं मदतच केली ना?"

आत्यानं पायात चप्पल सरकवली आणि रस्त्यापलीकडच्या मोबाइलच्या टपरीवर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फोनवर लावायची एक काच होती. समोरून बघितलं तर साधी, बाजूनं बघितलं तर काळी. शेजारच्यानं आपल्या फोनात डोकावू नये म्हणून लोक ती लावतात.

"सकाळी मी डॉक्टरला नावं ठेवली," आत्या म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या डोळ्याला काही झालं नव्हतं. तुझ्या दादाच्या फोनात बाजूनं दिसतच नाही."

तिनं ती काच स्वतःच्या फोनवर ठेवली, फोन पाइपावर पालथा घातला आणि टॉर्च लावला.

एकशे अठ्ठेचाळीस.

"पाइपातला उजेड चारी बाजूंनी येतो. ही काच फक्त समोरचा आत घेते, बाजूचा अडवते. म्हणून निम्म्याहून खाली."

"दादाला हे ठाऊक नसेल," धाकटी म्हणाली. आपण हे कोणाला पटवतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "काच लावली असेल सहज. सगळेच लावतात."

"नसेल ठाऊक तर देव पावला. पण सगळ्यांचे फोन लावून बघितले तेव्हा तो हजर होता. त्याच्या फोनाचा आकडा तेव्हाही निम्माच आला असणार." आत्या तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "आणि ते सोड. टॉर्च चांगला होता, एवढं आता धरून चाल. मग शिट्टीला लाल दोर का दिसला नाही?"

धाकटीनं पाइपावरचा फोन उचलून खाली ठेवला.

"बरं, टॉर्च वाईट होता असंच धर. आंधळा माणूस कमरेइतक्या ताठ दोराकडे चालत गेला तर काय होईल? पोटाला दोर लागेल. तो थांबेल, नाहीतर दोरासकट कोसळेल. दोर तुटेल, गाठी सरकतील. स्टोअरवाला म्हणतो एक गाठ ढिली नव्हती. उजेडात पडला असो की अंधारात, त्या दोरातून माणूस आरपार जात नाही, बाळ."

"म्हणजे दोर तेव्हा नव्हता."

"नंतर बांधला. दोर बांधायचं काम कोणाचं आणि शिट्टीजवळ पहिल्यांदा कोण पोचलं, ते मी सांगायला नको."

धाकटीला दादाची वाढलेली दाढी आठवली. ती दाढी आपल्या काळजीनं वाढलीय असं ती दोन दिवस समजत होती. वडिलांच्या जागी उभा राहिलेला माणूस, वहिनी, त्यांची शाळेत जाणारी मुलगी, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. नवऱ्याला वाचवायचं तर दादाला बुडवायचं, आणि दादाला वाचवायचं तर गप्प बसायचं. गप्प बसायला काहीच करावं लागणार नव्हतं. नवरा तर सही करायला तयारच होता.

"मी काय करू, आत्या?"

"ते मला विचारू नकोस. तो माझाही भाचा आहे," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला.

६

चौकीत जबाब टाइप होऊन टेबलावर आला होता. काट्याच्या हातात पेन होतं. दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मुद्देमाल म्हणून आणलेला पाइप आणि शिट्टीचा टॉर्च भिंतीशी पडले होते.

"साहेब, सहीच्या आधी तो टॉर्च एकदा मोजू द्या," धाकटी इन्स्पेक्टरला म्हणाली. "तुमच्यासमोर. तोच पाइप, तोच टॉर्च, फोनही परवाचाच."

दादाचा हात काट्याच्या खांद्यावरून खाली आला. "धाकटे, आता कशाला हा खेळ? त्याला आणखी त्रास."

"एकदाच, दादा. दे ना फोन."

बहिणीनं इतक्या जणांसमोर मागितल्यावर नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही. इन्स्पेक्टरनं टॉर्च लावला, फोन पालथा ठेवला, थोड्या वेळानं वाकून आकडा वाचला. एकशे बावन्न. काट्यानं डोळे मिटून घेतले.

"आता काच काढ," धाकटी म्हणाली.

"काय?"

"फोनवरची काच, दादा. तुझ्या हातानं काढ. मला काढायला लावू नकोस."

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्यानं फोन खिशात टाकला असता, आरडाओरडा केला असता, तर कदाचित तिला सोपं गेलं असतं. त्यानं यातलं काही केलं नाही. नख घालून त्यानं कोपरा उचलला. काच निघताना तडकली. इन्स्पेक्टरनं फोन पुन्हा पाइपावर ठेवला आणि या वेळी आकडा दोनदा वाचला. तीनशे चाळीसच्या आसपास होता.

काट्यानं डोळे उघडले. आधी पाइपाकडे, मग धाकटीकडे आणि शेवटी मेव्हण्याकडे बघितलं. "म्हणजे मी त्याला चांगला उजेड दिला होता," तो म्हणाला. दोन दिवस त्याला एवढंच हवं होतं. तो ढसाढसा रडायला लागला.

"दोर कधी बांधलास?" आत्यानं विचारलं.

दादा बाकावर बसला. "बादल्या लवकर वर जायला हव्या होत्या. दोर मध्ये येतो, म्हणून सोडला होता. म्हटलं, सगळे यायच्या आत बांधू. शिट्टी नेहमी उशिरा यायचा, त्या दिवशी लवकर आला. पाणी साचलं होतं, खड्डा कुठला आणि जमीन कुठली, कितीही उजेड असला तरी कळलं नसतं. मला त्याची शिट्टी ऐकू येत होती. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती थांबली."

इन्स्पेक्टरनं काट्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"तो गेलाच होता," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "मग हात आपोआप दोर बांधायला लागले. पुढचं सगळं त्या दोरासाठी केलं. याला हलक्यात सोडवणार होतो मी, खरंच बोलून ठेवलं होतं. धाकटे, तू मला एकटं गाठून विचारलं असतंस तर..."

"तर सांगितलं असतंस?"

तो हातातल्या तडकलेल्या काचेकडे बघू लागला.

पाइपावरचा फोन वाजायला लागला. घरून होता. दादानं हात पुढे केला, मग मागे घेतला. वाजून वाजून फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. इन्स्पेक्टरनं मान हलवली तेव्हा धाकटीनं तो उचलला.

"अहो, काय झालं?" वहिनीचा आवाज होता. "सोडलं का त्यांना?"

"वहिनी, मी बोलतेय. सोडलं."

"सुटले बाई," वहिनी म्हणाली. तिकडे तिला रडू आवरत नव्हतं. "दोन दिवस तुझ्या दादानं घास खाल्ला नाही गं. आता सगळे इकडेच या जेवायला. त्यांना म्हणावं, गाडी जपून चालवा."

धाकटीनं बाकावर बसलेल्या भावाकडे बघितलं. तो मान वर करत नव्हता.

"वहिनी, स्वयंपाक राहू दे," ती म्हणाली. "मी येते. एकटीच येते."